काकांची पेटी: इंद्रजाल, चांदोबा आणि सात जाड कागद. विकावं की ठेवावं?

शहापूरकर (शुक्रवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापुरातलं आमचं जुनं घर या पावसाळ्याच्या आत उतरवायचं ठरलंय. माळा रिकामा करताना मोठ्या काकांची पत्र्याची पेटी हाती लागली. काकांना जाऊन चार वर्षं झाली. ते पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, लॉरीच्या मागची अक्षरं, गणपतीच्या मंडपाचे पडदे, सगळं हातानं. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या सामानाला आजवर कुणी हात लावला नव्हता.

पेटीत निघालं ते असं: इंद्रजाल कॉमिक्स १७८ (मराठी ११८, कन्नड ४६, इंग्रजी १४), चांदोबाचे साठेक सुटे अंक, अमर चित्र कथा ३२, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात जाड कागद. त्यांच्यावर काळ्या शाईत वेताळाची (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमची) चित्रं आहेत. छापलेली की काढलेली ते मला कळेना.

एका ओळखीच्यानं फोटो पुढे पाठवले आणि दोन दिवसांत पुण्याहून एका गृहस्थांचा फोन. सगळं मिळून ४० हजार रोख द्यायला तयार आहेत. फक्त कन्नड अंक नकोत, "ते रद्दीत घाला" म्हणाले. रविवारपर्यंत सांगा म्हणतात.

वडील म्हणतात देऊन टाक, नव्या घरात जागा कुठाय. मला मात्र दोन रात्री झोप नाही. विकावं काय, कितीला, आणि ठेवायचं झालं तर कसं? जाणकारांनी सांगावं.

रद्दीतलं_सोनं

रविवारपर्यंत काहीही सांगू नका. वीस वर्षं मी हेच करतोय, शनिवार खुटापासून कोल्हापूरच्या रद्दीवाल्यांपर्यंत सगळीकडे हिंडून झालंय. घाई घेणाऱ्याला असते, तेव्हा त्यानं फोटोत काहीतरी बघितलेलं असतं.

साधा हिशोब करा. कन्नड सोडून दोनशेच्या वर नग आहेत. ४० हजारांत अंकाला दोनशे रुपयेसुद्धा पडत नाहीत, आणि ते सात कागद वर फुकट. मी स्वतः गेल्या वर्षी मराठी वेताळाचा एक बऱ्या अवस्थेतला अंक सातशेला घेतला, आनंदानं घेतला. म्हणजे तुमचा प्रत्येक अंक सातशेचा असं नाही हां. कव्हर फाटकं, मधलं पान गायब, वर पोरानं बॉलपेननं मिशा काढलेल्या, असल्या अंकाला पन्नासही कुणी देत नाही.

आधी यादी करा. वहीत एकेक अंक: भाषा, क्रमांक, कथेचं नाव, कव्हर आहे की नाही, पिना गंजल्यात काय, मधलं जोडपान शाबूत आहे काय. शेवटचं कव्हर उलटून बघायचं विसरू नका, बऱ्याच पोरांनी मागचं चित्र कापून भिंतीला लावलेलं असतं. यादी झाल्याशिवाय विकायचं म्हणजे पोतं न उघडता भात विकायचा.

नेहमीचा_वाचक

माझं मत उलटं. ४० हजार रोख मिळतायत तर घ्या. एकेक अंक विकायचा म्हणजे फोटो काढा, शंभर जणांना उत्तरं द्या, पार्सल बांधा, मग "पोचलं नाही" ऐका. दोन वर्षं जातात आणि शेवटी निम्मं घरातच पडून राहतं. माझ्या मेव्हण्यानं हाच उद्योग केला. त्याच्या बायकोनं कॉटखालचे उरलेले गठ्ठे बोहारणीला दिले, एका स्टीलच्या डब्यावर.

निपाणीकर_अण्णा

अरे काय विषय काढलास बाबा! बोहारणीचं वाचून पोटात गोळा आला.

आमच्या निपाणीत तंबाखूचा हंगाम आला की वखारीतनं वडिलांच्या हातात पैसे यायचे आणि त्यातनं मला चार आणे. स्टँडजवळ एक जण पत्र्याच्या टपरीत भाड्यानं पुस्तकं द्यायचा. दोरीवर चिमटे लावून अंक टांगलेले. तिथंच बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही. मराठी वेताळ कुणाच्या हातात असला तर मग कन्नड घ्यायचा. मला कन्नड वाचता यायचं नाही, पण चित्रं बघत जायचं आणि शेजारी चिक्कोडीकडचा एक पोरगा बसायचा त्याला विचारायचं, "आता काय म्हणायलाय?" तो कन्नडात वाचायचा, मग मोडक्या मराठीत सांगायचा. वेताळ दोन भाषांत एकच बुक्की मारतो, हे मला तिथं कळलं.

शहापूरकर, कन्नड अंक रद्दीत घालू नका. एवढंच सांगतो.

कवटीची_अंगठी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० ला बंद केलं. पहिला अंक वेताळाचाच, त्याच्या पट्ट्याची कथा. सुरुवातीचे बरेच अंक सलग वेताळाचे होते, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे सगळे आले. सुरुवातीची रंगवलेली कव्हरं बी. गोविंद यांची. ती मिळाली तर जपा. आतली चित्रं परदेशातून आलेली असायची, पण कव्हर इथं काढलेलं. मला तर आतल्यापेक्षा कव्हरच जास्त आवडतं. जंगलाचा तो हिरवा रंग पुढच्या अंकांत पुन्हा दिसला नाही.

वेताळाचा देश मुळात 'बेंगाला'. इंद्रजालनं त्याचं 'डेंकाली' केलं, आपल्या बंगालशी घोळ नको म्हणून.

आणि १९७६ ला आला बहादूर. आबिद सुरती यांनी लिहिलेला, गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेला. केशरी कुडता आणि खाली जीन्स. परदेशी हिरोंच्या रांगेत आपला एक माणूस उभा राहिला. तुमच्या पेटीत बहादूर किती आहेत ते जरूर सांगा.

यादी करताना एक ध्यानात ठेवा. इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक शोधत बसू नका. संपामुळे ते निघालेच नाहीत. मी तीन वर्षं शोधत होतो!

लोंढा_मीटरगेज

आमचे वडील रेल्वेत. मीटरगेजच्या काळात लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबायची, गोव्याचे डबे इकडं, बेंगळूरचे तिकडं. लोक वाचून झालेले अंक सीटवर टाकून उतरायचे. गाडी यार्डात गेली की आम्ही पोरं डब्यातनं पळायचो. मराठी, कन्नड, इंग्रजी, तामिळसुद्धा. माझा अख्खा संग्रह असा जमला, पै न देता. एकाही अंकाला पहिलं पान धड नव्हतं, कारण त्यावर लोक वडे ठेवायचे.

रद्दीतलं_सोनं

@लोंढा_मीटरगेज, तेलाचे डाग म्हणजे आमच्या धंद्यात निम्मी किंमत! पण ते अंक अजून असतील तर बघायला येतो.

ठिपका

उद्यमबागेत तीस वर्षं छपाईत काढली. अंकांचं बाकीच्यांनी बघावं, मला त्या सात कागदांविषयी बोलायचंय, कारण तिथंच लोक फसतात.

बरेच जण सांगतील, भिंगातून बघा, ठिपके दिसले तर छापील, नाही दिसले तर मूळ चित्र. हे अर्धवट आहे. ठिपके रंगात आणि करड्या छटेत पडतात. कॉमिकची काळी रेघ छपाईतही सलगच येते, तिच्यात ठिपका नसतो. तेव्हा काळ्या रेघेच्या कागदाला ही परीक्षा चालत नाही.

असं करा. सकाळच्या तिरक्या उजेडात खिडकीशी कागद डोळ्याच्या पातळीला धरा. हातानं भरलेली काळी जागा सारखी नसते. कुठं शाई दाट, कुठं विरळ, ब्रश उचलला तिथं किंचित चमक. चूक झाकायला पांढरा रंग लावलेला असतो, त्याचा थर बोटाला लागतो. मागच्या बाजूनं हलकं बोट फिरवा, निबाचा दाब जाणवेल. रेघांखाली पेन्सिल दिसते काय बघा. परदेशी चित्रकार निळी पेन्सिल वापरायचे, कारण छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर निळं उमटत नसे, म्हणजे खोडत बसायला नको. संवादाच्या फुग्यातली अक्षरं कधी वेगळ्या कागदावर लिहून चिकटवलेली असतात, डिंक जुना झाला की त्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडतात. आणि मूळ चित्र छापील पानापेक्षा मोठं असतं, कारण लहान करून छापलं की रेघ नीटस दिसते.

हे बघून इथं लिहा. कागद उघडे ठेवू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको.

शहापूरकर (शनिवार, दुपारी १२:३०)

सगळ्यांचे आभार. सकाळी खिडकीशी बसून बघितलं.

दोन कागद गुळगुळीत आहेत, मागं काही लागत नाही, काळं सगळीकडं एकसारखं. पाच कागदांवर मात्र शाईची चमक दिसते आणि दोन ठिकाणी पांढरा रंग आहे. एका चौकटीत वेताळाचा हात आधी वर काढलेला, तो पांढऱ्यानं झाकून खाली आणलाय. तिरकं धरलं की तो जुना हात दिसतो. बघून अंगावर काटा आला.

निळी पेन्सिल नाही. साधी पेन्सिल आहे आणि चित्रांखाली उभ्या-आडव्या बारीक रेघा, सगळीकडं सारख्या चौकोनांच्या, जाळीसारख्या. फुगे काही रिकामे, काहींत मराठी, काहींत कन्नड.

ठिपका

जाळी म्हणजे चौकटी आखून मोठं केलेलं चित्र. लहान छापील चित्रावर चौकोन आखायचे, मोठ्या कागदावर तेवढेच चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातलं उतरवायचं. सिनेमाच्या बोर्डवाल्यांची, पाटीवाल्यांची ही पद्धत. ज्यानं मुळात चित्र रचलं त्याला जाळी लागत नाही.

शहापूरकर, माझ्या अंदाजानं हे पाच कागद तुमच्या काकांच्या हातचे आहेत. पुण्याच्या गृहस्थांना ते परदेशी चित्रकाराचं मूळ काम वाटलं असणार. विकायचे झाले तरी तसं सांगून विकू नका. नक्कल मूळ म्हणून गेली की पुढं दहा जणांची फसवणूक होते.

कॅम्पातला_चित्रकार

मूळ चित्रांचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो.

छापील अंक कितीही जुना असला तरी त्याच्या प्रती असतात. मूळ पान एकच. ॲक्शन कॉमिक्सचा १९३८ चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन आला, त्याची उत्तम राहिलेली एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. तीसुद्धा एक प्रतच, दुसऱ्या शिल्लक आहेत. उलट टिनटिनच्या 'ब्लू लोटस' पुस्तकासाठी त्याचा चित्रकार एर्जेनं १९३६ मध्ये रंगवलेलं कव्हर कधी छापलंच नव्हतं, रंगांचा खर्च जास्त म्हणून. ते २०२१ मध्ये पॅरिसला सुमारे ३२ लाख युरोला विकलं गेलं. त्या कागदावर घड्यांच्या खुणा तशाच होत्या. न छापलेला, घडी पडलेला एक कागद!

आपल्याकडं ही पानं गेली कुठं? अमर चित्र कथेत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, विटणकर या सगळ्यांनी हजारो पानं काढली. कितीतरी आपली मराठी माणसं. मुळीकांनी पुढं नागराज हा कॉमिकचा हिरो काढला तेव्हा हिंदी मुलखातली पोरं वेडी झाली. पण मूळ पान छापखान्याचं साधन, छापून झालं की काम संपलं, असंच लोक समजत होते. म्हणून जिथं दिसेल तिथं जपा म्हणतो.

आणि आपल्या जिल्ह्याचं नाव घ्यायचं तर शि. द. फडणीस. जन्म १९२५, भोज गावचा, आपल्या निपाणीजवळच्या. मोहिनी मासिकाचं ते उंदरांच्या शर्टाचं आणि मांजरांच्या साडीचं मुखपृष्ठ कुणाला आठवत नाही? त्यांनी आपली चित्रं 'हसरी गॅलरी' म्हणून लोकांसमोर भिंतीवर मांडली. तिथं बघणारा माणूस हसत हसत रेघ बघायला शिकतो. रवी परांजपे बेळगावचेच, के. बी. कुलकर्णी सरांचे विद्यार्थी. या मातीत रेघ ओढणारी माणसं झाली, पण त्यांचे कागद जपणारी कमी झाली.

निपाणीकर_अण्णा

भोज आमचंच की! गावाचं नाव वाचून छाती फुगली.

अनगोळची_आक्का

ठेवायचं कसं ते मी सांगते. आमच्या सासऱ्यांच्या पोथ्या साठ वर्षं टिकल्यात. वर्षातनं एकदा, दिवाळीनंतर, ऊन दाखवायचं. लाल कापडात बांधायचं आणि आत वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. डांबरगोळ्या नकोत, वास कागदात मुरतो तो जन्मभर जात नाही.

रद्दीतलं_सोनं

आक्का, वेखंड आणि पाला एकदम मान्य. ऊन मात्र नको. पोथीचा कागद वेगळा, तो चिवट. कॉमिकचा कागद वर्तमानपत्री, त्यात लाकडाचा अंश राहिलेला असतो, तो उजेडानं पिवळा आणि कुरकुरीत होतो. कव्हरवरचा लाल तर दोन उन्हाळ्यांत उडतो. सावलीत, पंख्याखाली, पानं हलकी उलटत वारा द्या.

आपल्या बेळगावात खरा शत्रू जून ते सप्टेंबर. चार महिने भिंतीला ओल. पेटी जमिनीला टेकवायची नाही, विटांवर किंवा फळीवर. बाहेरच्या भिंतीला लावायची नाही. अंक एकेक करून पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागं पुठ्ठा. बाजारात मिळतं ते जाड, वास येणारं प्लास्टिक घेऊ नका, ते काही वर्षांत चिकट होतं आणि कव्हरचा रंग ओढून घेतं. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, तशीच राहू द्या. गंजकी पिन ओढून काढली तर कागद तिच्याबरोबर येतो.

कसर दिसली तर अंक पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, दिवसभर तसंच ठेवायचं, नाहीतर कागदावर पाणी धरतं.

अनगोळची_आक्का

फ्रीजरमध्ये! आमच्या सूनबाईला सांगते, मासळीच्या शेजारी वेताळ ठेव म्हणून. पण उन्हाचं पटलं हो. आमच्या पंचांगाची कव्हरं पांढरी झालीयत ती त्यानंच.

नेहमीचा_वाचक

एक रोखठोक विचारतो. कन्नड अंकांना गिऱ्हाईक आहे काय? भावनेचं सोडा, मराठी संग्राहक घेत नाही आणि कन्नड संग्राहक बेंगळुरात. ४६ अंकांची अडगळ कशाला?

हुबळीहून

मी घेतो की! मी कन्नड माणूस. मराठी आजोळचं, आजोळ खानापूर, म्हणून इथं येऊन वाचतो. कन्नड इंद्रजाल मिळणं मराठीपेक्षा अवघड आहे. मी बेंगळूरच्या ॲव्हेन्यू रोडवर, जुन्या पुस्तकांच्या बाजारात, कित्येक रविवार घालवले. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्री बसायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर फूटपाथवर उकिडवं बसायचं आणि रात्री परत. हाती दोन-तीन अंक. तुमच्याकडं एका पेटीत ४६ आहेत आणि तुम्ही अडगळ म्हणताय.

अनंत पै आमच्या कारकळचे. अमर चित्र कथा हे नाव कर्नाटकात आधी कन्नडातून दिसलं, मग १९६७ पासून पैंनी ती घराघरात नेली. चांदोबाचं तेच, मूळ मद्रासचं, १९४७ ला तेलुगू आणि तामिळ, नंतर कन्नड, १९५२ ला मराठी. आतली चित्रं सगळ्यांना एकच. विक्रम राजा खांद्यावर प्रेत घेऊन, हातात तलवार, ते शंकर यांचं चित्र. तुमच्या आजीनं आणि माझ्या आजीनं एकच बघितलंय.

सीमेवरचा

तरीपण इथं मराठी शाळा कशा चालल्यात ते बघा आधी, मग कन्नड अंकांचं कौतुक

संपादक मंडळ

@सीमेवरचा, त्या विषयाला वेगळे धागे आहेत. इथं पेटीवर बोलूया.

वकीलबाई

दोन गोष्टी, कारण कुणीच विचारल्या नाहीत.

पहिली, पेटी कुणाची? काका अविवाहित, बहुधा मृत्युपत्र नाही, आजी-आजोबाही नसावेत. मग हिंदू वारसा कायद्यानं भाऊ आणि बहिणी सारख्या वाट्याचे मालक. शहापूरकर, तुम्हाला आत्या आहेत काय? असतील तर वडिलांनी एकट्यानं विकू नये. रक्कम लहान असली तरी आधी फोन करा. पुढं चाळीस हजारांवरनं चाळीस वर्षांचं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

दुसरी, मूळ चित्रांची. कागद विकत घेतला म्हणजे ते चित्र छापायचा हक्क मिळत नाही. तो चित्रकाराकडं किंवा प्रकाशकाकडंच राहतो, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे: मूळ चित्र किंवा रेखाटन १० हजारांच्या वर किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. अट अशी की हक्काचा पहिला मालक तो चित्रकारच असला पाहिजे. पगारावर काढलेल्या चित्रांचे हक्क बहुधा कंपनीकडं जातात, तिथं हे लागू पडत नाही. संग्राहक मंडळींना हे कलम ठाऊकच नसतं.

रद्दीतलं_सोनं

मलाही नव्हतं. लिहून ठेवलं.

शहापूरकर (रविवार, सायंकाळी ६:५०)

वकीलबाई, तुमचे पाय धरायला पाहिजेत. दोन आत्या आहेत. मोठ्या आत्या खानापूरला, त्यांना सकाळी फोन केला. पेटी म्हटल्याबरोबर विचारलं, "कन्नड वेताळ हायत काय त्यात?" मी गप्पच. मग त्यांनी सांगितलं.

काकांची शाळा मराठी, सातवीपर्यंत. पाट्यांचं काम करायला लागले तेव्हा मराठी अक्षर सुरेख, कन्नड येत नव्हतं. दुकानदार कन्नड पाटी मागायचे आणि काम दुसरीकडं जायचं. मग काकांनी एक युक्ती काढली. वेताळाचा मराठी अंक आणला की तोच कन्नड शोधायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि फुग्याला फुगा लावून वाचायचं. आत्या म्हणाल्या, "मी चूल पेटवत असायची आणि तो मागनं ओरडायचा, कुदुरे म्हणजे घोडा गं!"

मी पुन्हा पेटी उघडली. यादी भाषेवार केली होती, म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कथेवार लावली. ४६ कन्नड अंकांपैकी ४३ अंकांचा मराठी जोडीदार पेटीत आहे. आणि कन्नड अंकांच्या फुग्यांत, चित्राच्या कडेला, इतकी बारीक पेन्सिल की चष्मा लावून बघावी लागली: 'काडु' खाली जंगल. 'निल्लु' खाली थांब. एका पानावर वेताळाच्या अंगठीचा ठसा एका चोराच्या हनुवटीवर उमटलाय, तिथं बाण काढून लिहिलंय 'तलेबुरुडे', आणि शेजारी 'कवटी'. पहिल्या काही अंकांत सगळी पानं भरलेली. पुढं पुढं पेन्सिल कमी होत जाते. बहादूरच्या अंकांत (११ आहेत, @कवटीची_अंगठी) एका पानावर एखादाच शब्द, शेवटच्या दोन अंकांत काहीच नाही.

सात कागदांवर एकाच चित्राचे फुगे मराठीतही आहेत आणि कन्नडातही. पाटीच्या जाड अक्षरांत. ते दोन गुळगुळीत कागद म्हणजे त्यातल्याच दोघांच्या झेरॉक्स, ठिपकाभाऊंचं खरं ठरलं.

शहापूरच्या बाजारात काकांनी रंगवलेली एक कन्नड पाटी अजून आहे. मी रोज तिच्याखालनं जातो.

निपाणीकर_अण्णा

अरे.

डोळ्यांना पाणी आलं बघ. मी पोरगा शेजारी बसवून विचारायचो, तुझ्या काकानं एकट्यानं केलं.

ठिपका

त्या अक्षरांचा जवळून फोटो टाका. कन्नड अक्षराची गोलाई ब्रशनं एका झटक्यात आलीय की दोनदा हात लागलाय, ते बघायचंय.

रद्दीतलं_सोनं

आता धंद्याचं बोलतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. पेन्सिलचे शेरे असले की नेहमी किंमत उतरते, तुमच्या जोड्यांचीही उतरेल. बाजारात त्या जोडीला जोडी म्हणून भाव नाही. ठेवा किंवा तोडा, मधला मार्ग नाही. तोडू नका असं मी म्हणेन, आणि हे मी एरवी कुणाला म्हणत नाही.

बाकीचं विका. जोडीत नसलेले मराठी आणि इंग्रजी अंक, अमर चित्र कथा, चांदोबा. पुण्याच्या गृहस्थांनाच विचारा, पण यादी पाठवून, अंकवार भाव मागून. चांगले आधी आणि वेगळे विका, फाटके शेवटी गठ्ठ्यानं. पार्सल पाठवाल तेव्हा दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर प्लास्टिक, कोल्हापूरपर्यंत संध्याकाळच्या बसनं टाकलं तर सकाळी मिळतं.

नेहमीचा_वाचक

मी माझं पहिलं मत मागं घेतो. अडगळ म्हटलं तेही.

शहापूरकर (मंगळवार, रात्री १०:०५)

ठरलं. वडील आणि दोन्ही आत्या बसून बोलले. ४३ जोड्या आणि सात कागद घरातच राहणार. नव्या घराच्या आतल्या भिंतीत, बाहेरच्या नाही, एक फडताळ करून घेतोय. गवंड्याला सांगितलंय. आक्कांचं वेखंड आणलं.

पुण्याच्या गृहस्थांना यादी पाठवली. जोड्या आणि कागद वगळूनही त्यांनी अंकवार भाव दिला, तो बेरजेनं ३१ हजार झाला. सात कागद मूळ नाहीत हे आधीच सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत." बारा चांगले अंक मी त्यातनं बाजूला काढलेत, इथल्या मंडळींसाठी. पैशाचे तीन सारखे वाटे होणार.

तीन कन्नड अंकांना जोडीदार नाही. @हुबळीहून, ते तुम्हाला द्यायचे ठरवलं होतं. पण आत्या म्हणाल्या, आधी त्यांचे मराठी शोधून बघ.

हुबळीहून

आत्यांचं बरोबर आहे. तीनही कव्हरांचे फोटो टाका.

हुबळीहून

फोटो बघितले. मधल्याचा मराठी अंक माझ्याकडं आहे. आजोळी सापडलेला, का ठेवला होता मलाच माहीत नव्हतं. पैसे नकोत. तुमच्या इंग्रजीतला एखादा मँड्रेक द्या. येत्या रविवारी मी खानापूरला चाललोय, कित्तूरच्या स्टँडवर भेटू, दोघांनाही मध्यावर पडेल.

शहापूरकर

येतो. आत्यांनाही घेऊन येतो. त्यांना बघायचाय. पिना शाबूत आहेत काय?

हुबळीहून

एक गंजलीय. पण मधलं पान आहे.